फ्रिजमधला दिवा

दवाखान्यातल्या फ्रिजमध्ये तीन वर्षं सिस्टरची रजिस्टरं राहत होती. फ्रिज आला मोठ्या थाटात, पण वीज काही आलीच नाही. दार घट्ट लागतं, उंदीर शिरत नाहीत, म्हणून तिने त्याचं सरळ कपाट करून टाकलं. बाळांची लस मात्र दर आठवड्याला ती स्वतः बसने जाऊन बर्फाच्या पेटीतून आणायची. वाटेत बस बंद पडली की बर्फाचं पाणी आणि लस वाया!

आज वायरमन खांबावर चढला होता आणि इकडे सिस्टरचा जीव खालीवर होत होता. तिने भराभरा रजिस्टरं बाहेर काढली. झाडूवाल्या मावशींनी फ्रिज पुसून लख्ख केला. वरून हाक आली, "लावा बटण!"

फ्रिज घुरघुरला. सिस्टरने दार उघडलं आणि ती किंचाळलीच. "मावशी, धावा! आत दिवा आहे!"

"अगं बाई! आणि तीन वर्षं आपल्याला पत्ता नाही?" मावशींनी दाराची इतक्या वेळा उघडझाप केली, की शेवटी सिस्टर ओरडली, "बास! गार तरी होऊ द्या त्याला!"

तिने लगेच शहरातल्या लसीच्या भांडारात फोन लावला. "साहेब, आमचा फ्रिज चालू झाला!"

"आज?" साहेब गोंधळले. "माझ्या कागदावर तर तो तीन वर्षं चालूच आहे."

सिस्टरला हसू आवरेना. "मग त्या कागदाला सांगा, आज गाठलं म्हणावं आम्ही तुला! आणि उद्या लस पाठवा. तुमच्या गाडीने."