मी तिच्या आईचा ब्रोच नव्हतो

मी ब्रोच बोलतोय. चांदीचा ब्रोच म्हणणार होतो, पण जीभ रेटत नाही. माझ्या अंगावर चांदीचं नुसतं पाणी आहे. आत कसला पत्रा आहे ते मलाही नीट ठाऊक नाही.

जन्म यंत्राखाली झाला. धाडकन एक ठोका, की झालो तयार! मग कडेला लोंबणारी इवली इवली पानं अडकवली, चांदीच्या पाण्यात एक बुडी दिली आणि चला पोत्यात. पोत्यात माझ्यासारखेच शेकडो भाऊ होते. एकाच्याही पाठीवर सोनाराचा शिक्का नव्हता. आम्हाला त्याचं दुःखही नव्हतं, कारण शिक्का म्हणजे काय हे कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढे पाकीट, विमान, ट्रक असं करत नॉर्वेतल्या सेटेसदाल दरीत, एका लाकडी घरात येऊन पोचलो. तुरीद आजीनं कात्रीसुद्धा शोधली नाही, पाकीट नखांनीच फाडलं. चांगली ताठ कण्याची, करड्या आवाजाची म्हातारी, पण मला हातात घेतल्याबरोबर तिचे डोळे भरून आले.

"आलास रे बाबा घरी!" ती म्हणाली.

मी चाटच पडलो. आजवर मला कुणी मोजण्यापलीकडे हात लावला नव्हता, आणि इथे कुणीतरी माझी वाट बघत होतं! खोटं कशाला सांगू, मी सुखावलो.

मग ती माझं एकेक पान बोटानं चाचपू लागली. एकदा चाचपून झाली, परत पहिल्यापासून सुरुवात. "वाकडं पान कुठंय?" ती पुटपुटली. "अरे, वाकडं पान कुठं गेलं?"

तेवढ्यात तिची नात सुन्निवा बाळाला खांद्यावर थोपटत आत आली. सुन्निवाचा नवरा आइविन पलीकडे वाफल्स भाजत होता. "हे काय गं आजी? नवीन घेतलास?"

"नवीन नाही. आपलाच आहे. गेल्या शरद ऋतूत चोरीला गेला तोच. टॅबलेटवर दिसला आणि मी लगेच मागवला."

"आपला? कशावरून?"

"दात येत होते तेव्हा मी चावून वाकवलेलं पान होतं त्या फोटोत. ते मी ओळखणार नाही होय? कुणी म्हातारा सोनार दुकान बंद करतोय म्हणे. शेवटचा नग, असं लिहिलं होतं. चोरानं त्या बिचाऱ्याच्या गळ्यात मारला असेल. म्हटलं पोलीस-बिलीस नकोत, गुपचूप घरी आणावा. रविवारी बाप्तिस्म्याला बाळाच्या अंगावर काय लावायचं?"

या दरीत बाप्तिस्म्यापर्यंत तान्ह्या बाळाच्या कपड्यांवर चांदी टोचून ठेवतात. नाहीतर डोंगरातली अदृश्य माणसं येतात, आपलं मूल ठेवतात आणि घरातलं उचलून नेतात म्हणे. तुरीद आजीच्या अंगावर तिच्या आईनं तो ब्रोच टोचला होता. आजीनं तो आपल्या लेकीला टोचला, मग सुन्निवाला. आता या चिमुरडीची पाळी होती.

सुन्निवानं जाहिरात उघडली आणि फोटो मोठा करून पाहिला.

"आजी, फोटोत ब्रोचच्या खाली कापड कुठलं आहे?"

"निळ्या पट्ट्यांचं."

"आणि तुझा हात आत्ता कशावर आहे?"

आजीनं टेबलाकडे पाहिलं. निळ्या पट्ट्या. मी त्याच कापडावर पडलो होतो.

"हा बघ आइविननं पाडलेला कॉफीचा डाग. फोटो मी काढलाय गं. चोरी झाल्यावर मीच टाकला होता सगळीकडे, हा ब्रोच कुणाला दिसला का, म्हणून. ह्या मेल्यांनी तोच उचलला आणि खाली किंमत लिहिली!"

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. दुसऱ्याचं तोंड दाखवून मला या घरात घुसवलं होतं, आणि मला साधं नाही म्हणता येत नव्हतं.

सुन्निवाचा पट्टा सुरू झाला. "मला विचारायचंस तरी! पाठीचा फोटो मागायचा, खऱ्या चांदीचा ८३० चा शिक्का आहे का बघायचं. दुकानाला पत्ता आहे का, फोन कुणी उचलतं का, माल परत घेतात का. शेवटचा नग म्हटलं की आधी हात आखडायचा असतो गं!"

"तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस," आजी म्हणाली. "आणि मग तो दुसऱ्या कुणीतरी नेला असता."

बाळाला सावरत सुन्निवानं आजीच्या खांद्यावर हात ठेवला.

आइविन अजून वाफल्सच भाजत होता. वातावरण हलकं करायला म्हणाला, "लावा की हाच! लांबून कुणाला कळतंय?"

"पाहुण्यांना नाही कळणार," आजी म्हणाली. "ज्यांच्यासाठी लावायचा त्यांना कळेल ना."



दुकानाला पाठवलेल्या निरोपाचं उत्तर आलं नाही. रविवारी बाळाच्या कपड्यात कॉफीचा चांदीचा चमचा बांधून सगळे चर्चला गेले. मी टेबलावर पडून ऐकत होतो. घंटा वाजली तेव्हा मीही जमेल तशी प्रार्थना केली. माझ्यासारख्याची कोण ऐकणार म्हणा.

पाहुणे गेल्यावर आजी माझ्याजवळ येऊन बसली. माझं एक पान तिनं अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरलं आणि हळूच दाबलं. मला तत्काळ कळलं तिला काय हवंय ते. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला काही मागत होतं. मी सगळा जीव एकवटला. वाक रे, एवढं तरी कर, तिच्यासाठी वाक!

पान तुटलं.

ते तळहातावर घेऊन आजी बघत राहिली. मग बशीत ठेवलं आणि कप विसळायला उठली.

आता मी बटणांच्या डब्यात असतो. सुन्निवानं तक्रारी करकरून पाहिल्या, पण जाहिरात अजून आहे. 'शेवटचा नग' तसाच आहे. माझे भाऊ रोज कुणाकुणाच्या घरी निघालेत. त्यांच्यातला एखादा तुम्हाला आवडला, तर पैसे देण्याआधी त्याची पाठ दाखवायला सांगा. आम्हाला आपणहून वळता येत नाही हो.

आणि कधी खरा ब्रोच दिसलाच, तर तुरीद आजीला तेवढं कळवा. त्याचं एक पान वाकडं आहे. फोटो तुम्ही पाहिलाच असेल. खाली किंमत लिहिलेली आहे.