परत सांगा बघू

तारळेकर सरांनी उभ्या आयुष्यात एकाच गोष्टीचा राग केला, आणि ती म्हणजे मान हलवणं. डॉक्टर सांगतो, केमिस्ट सांगतो, पेशंट मान हलवतो, घरी जातो आणि गोळ्या आपल्या मर्जीनं घेतो. कुणी बीपीची गोळी डोकं दुखलं तरच घेतं. कुणी शेजारणीचा गुडघाही आपल्यासारखाच दुखतो म्हणून अर्धं पाकीट तिला देऊन टाकतं. फार्मसी कॉलेजात सर पोरांना पहिल्याच तासाला सांगत, "मान हलली म्हणजे फक्त मान हलली. ते उत्तर नव्हे. पेशंटला म्हणायचं, मी नीट सांगितलं का ते मला कळू दे, तुम्ही मला परत सांगा बघू." पोरं मान हलवायची.

यावरच त्यांची पीएच.डी., यावरच पेपर, यावरच दोनदा परदेशवारी. लोक औषधाबद्दल काय बोलतात, काय लपवतात आणि का लपवतात, हे ऐकण्यात माणूस इतका बुडाला की स्वतःच्या घरात बोलायला कुणी आणायचं राहून गेलं. मुली बघता बघता पीएच.डी. झाली, पीएच.डी. होता होता केस गेले. आई होती तोवर राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये टीव्हीचा तरी आवाज असे. ती गेल्यावर सरांनी टीव्ही लावणंही सोडलं. कॉलेज सुटल्यावर दुसऱ्या दिवशी पहिला तास सुरू होईपर्यंत त्यांच्या तोंडून कधीकधी एक शब्द निघत नसे. याचं त्यांना फार वाईट वाटे. पण विचारणारं कुणी नव्हतं, आणि आपण होऊन सांगायची त्यांना सवय नव्हती.

निवृत्ती तोंडावर आली तेव्हा त्यांनी शेवटचा अभ्यास हाती घेतला. शिवाजी पेठेत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावायचं आणि त्यांच्या तोंडून परत ऐकायचं. लागोपाठ दोन खेपांना सगळं बरोबर सांगितलं की तो पेशंट सुटला, त्याच्याकडे पुन्हा जायचं नाही. चुकला तर पुढच्या गुरुवारी परत. नियम सरांनीच केलेला. ते आणि त्यांची विद्यार्थिनी तेजस्वी घरं वाटून घेत. पावसाळा सरेपर्यंत सगळे पेशंट सुटले. राहिली ती एक चिमणाबाई साळोखे.

गल्ली तिला आक्का म्हणते. सत्तरी कधीच ओलांडलेली, नवरा गेल्यापासून गॅरेजच्या पाठीमागच्या दोन खोल्यांत एकटी. मुलगा पुण्याला. पहिल्या दिवशीची तिची चूक अगदी खरी होती. रविवारी जोतिबाचा उपवास, म्हणून त्या दिवशी ती शुगरची गोळी घेत नसे.

"देवाच्या वाराला गोळी कशी चालंल सर? उपास मोडतोय की."

"आणि खाता काय?"

"शाबूची खिचडी. दोन ताटल्या."

सरांनी हसू दाबलं. गोळी म्हणजे जेवण नव्हे, जोतिबा रागवायचा नाही, खिचडीबरोबर गोळी घ्यायची, असं त्यांनी नीट समजावलं. आक्कानं अर्थातच मान हलवली. पुढच्या गुरुवारी तिनं उपवासाचं बरोबर सांगितलं, पण अनशापोटी घ्यायची थायरॉइडची गोळी जेवणानंतर सांगितली. त्याच्या पुढच्या गुरुवारी ती सुधारली तर बीपीच्या गोळीचा घोळ झाला. दर खेपेला सर समजावत, दर खेपेला चहा होई, आणि चहाबरोबर गल्लीची बातमी. "राती काय जेवला?" असं आक्का विचारी, आणि सर दर खेपेला "दही-भात" म्हणत. पेठेतल्या तालमीची फुटबॉल टीम हरली की आक्का तीन दिवस धुमसत असे. "त्यो गोलकीपर न्हवंच सर. त्यो पावणा म्हणून उभा ऱ्हायलाय तितं," ती म्हणायची. सरांनी जन्मात फुटबॉल पाहिला नव्हता. पण आता बुधवारी पेपर उघडला की ते आधी मॅचचा निकाल बघत, उद्या बोलायला काहीतरी हवं म्हणून.

एका गुरुवारी ते जरा लवकर पोचले. दार उघडंच होतं. आत आक्का शेजारच्या बाळाबाईला समोर बसवून शिकवत होती.

"अनशापोटी म्हंजे च्याच्या बी आदी. उठलं की गोळी, मग अर्ध्या तासानं च्या. बीपीची रोज, डोस्कं दुकू दे न्हाईतर नको. शुगरची जेवणाबरोबर, उपासाला खिचडीबरोबर. आता नुस्ती मान नको हलवूस. परत सांग बघू."

शब्द न् शब्द सरांचा होता. ते दाराबाहेरच थांबले, घसा खाकरला, मग आत गेले. बाळाबाई उठून गेली. सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"अनशापोटीची व्हय?" आक्का म्हणाली. थोडं थांबली. "ती जेवल्यावर की."

आणि तिनं सरांकडे हळूच पाहिलं. परीक्षकानं हसून म्हणायला हवं होतं, आक्का, आत्ता तर बरोबर सांगत होतात. दुसऱ्या कुणाच्या घरी सर तसं म्हणालेही असते. इथं त्यांनी मान खाली घातली आणि हातातल्या फॉर्मवर 'चूक' अशी खूण केली. त्यांना पुढच्या गुरुवारी इथं यायचं होतं. हे त्यांना स्वच्छ कळत होतं, आणि लाजही वाटत होती. ज्या माणसानं आयुष्यभर आकड्यातलं एक टिंब इकडचं तिकडं केलं नव्हतं, त्यानं एक कप चहासाठी आपल्याच अभ्यासाला डाग लावला.

त्यानंतर तेरी भी चूप, मेरी भी चूप. आक्का दर गुरुवारी मन लावून चुकायची आणि सर मन लावून समजावायचे. चूकही ती विचार करून काढत असावी, कारण एकच चूक तिनं लागोपाठ दोनदा कधी केली नाही. नाताळ गेला, संक्रांत गेली. सरांना निवृत्तीची तारीख आठवली की ते मनाशी म्हणत, आक्का सुटेपर्यंत तर यावंच लागणार.

हे बिंग फुटायला निमित्त झाली ती तेजस्वी, आणि तेही चांगुलपणानं.

"सर, आक्का इतके महिने चुकतायत," ती म्हणाली. "त्यांना विसरण्याचा आजार सुरू झाला असेल तर? एकट्या राहतात. आपल्या नियमात आहे, घरच्यांना कळवायला हवं."

"बघू," सर म्हणाले.

पोरगी त्यांच्याच तालमीत तयार झालेली. 'बघू' हे उत्तर नव्हे, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. तिनं पुण्याला फोन लावला.

पुढच्या गुरुवारी सर पोचले तर खोलीत विजयसिंह बसलेला. आक्काचा एकुलता एक, चिंचवडला कंपनीत सुपरवायझर. भिंतीशी एक मोठी रिकामी बॅग उभी होती.

"या सर, बसा," तो म्हणाला. "तुमच्या मॅडमचा फोन आलता. आईच्या काय ध्यानात ऱ्हात न्हाय म्हणं. मला फोनवर कधी जाणवलं न्हाय, पण तुम्ही ह्यातलं जाणकार. तुम्हीच सांगा. ही एकटी ऱ्हाऊ शकती का? न्हाईतर घर बंद करतो आन् हिला घेऊन जातो."

आक्का ओट्याला टेकून उभी होती. चहाचं आधण उकळून वर आलं तरी तिनं गॅस बारीक केला नाही. पुण्याचं तिनं सरांना पूर्वी सांगितलं होतं. चौथा मजला, लेक-सून कामाला, नातवंडं शाळेतनं क्लासला. "तितं दाराला बी कुलूप आन् तोंडाला बी," ती म्हणाली होती. इथं निदान बाळाबाई होती, गॅरेजमधली ठोकाठोक होती, हरणारी का होईना पण आपली टीम होती. आणि आपल्या हातच्या खुणांनी हे सगळं जाणार, हे सरांना बसल्या जागी कळून चुकलं.

"आक्का," ते म्हणाले, "गोळ्या कशा घेता? एकदा सांगा बघू."

आक्कानं पदर सारखा केला आणि एका दमात सगळं सांगितलं. अनशापोटीची, बीपीची, शुगरची, कुठली कशाबरोबर, एखादी चुकली तर काय करायचं आणि काय करायचं नाही. कुठं अडखळणं नाही. "आन् ऐतवारी उपासाला खिचडीबरोबर," ती शेवटी म्हणाली. "जोतिबा रागवत न्हाय."

विजयसिंह तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "मग इतकं म्हैने चुकत का हुतीस?"

आक्का खाली बघू लागली. सरांना सावरून घेता आलं असतं. हळूहळू बसतं डोक्यात, आता पास झाल्या, एवढं म्हटलं असतं तरी काम भागलं असतं. पण एकदा खोटं लिहून काय झालं ते समोर बॅग घेऊन बसलं होतं. पुन्हा तीच वाट धरायची त्यांची छाती झाली नाही.

"त्या मुद्दाम चुकत होत्या," ते म्हणाले. "आणि ते मला ठाऊक होतं. बरोबर सांगितलं असतं तर मी परत आलो नसतो, असा आमचा नियम आहे. त्यांचं डोकं तुमच्या-माझ्याइतकंच साबूत आहे, विजयसिंह. त्यांना इथंच राहू द्या."

विजयसिंह उठला. मग आईजवळ जाऊन त्यानं आधी गॅस बंद केला.

"आई, आठवड्यातनं एकदा कुणीतर बोलायला यावं म्हणून तू हे करत हुतीस?"

"तसं न्हवं रं," आक्का म्हणाली. पण मग कसं, ते तिला सांगता येईना.

"मी रोज फोन करतो. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का. तू व्हय म्हणतीस, मी ठेवून देतो." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "नुस्ती इसरत असतीस आन् यायला न्हाई म्हणाली असतीस, तर बाई ठेवली असती येक. आता मात्र मी तुला हितं ठेवत न्हाय."

विसरते म्हणून नेलं असतं तर आक्का भांडली असती. परत परत गोळ्या म्हणून दाखवल्या असत्या. लेकाच्या डोळ्यातल्या पाण्यापुढं मात्र तिचं काही चालेना. सरांना म्हणायचं होतं, नेऊ नका, मी येत जाईन, नियम नसला तरी येईन, मलाही कुणी नाही. तीस वर्षं दुसऱ्याला बोलतं करणाऱ्या माणसाला ही चार वाक्यं जुळवता आली नाहीत. आक्का का चुकत होती ते सगळ्यांना कळलं. सर का येत होते, ते कुणी विचारलं नाही.

रविवारी सकाळी ते गल्लीत आले. गुरुवार सोडून इथं येण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. गाडीत सामान चढलं होतं, बाळाबाई डोळे पुसत उभी होती. आक्कानं पिशवीतून काचेची बरणी काढून सरांच्या हातात दिली.

"कांदा-लसूण मसाला हाय. घरचा. नीट ऐका. ओला चमचा घालायचा न्हाय, बुरशी धरती. भाजीला आदी तेल तापू द्यायचं, मग मसाला, मग पाणी. आन् नुस्तं दही-भात खाऊन झोपायचं न्हाय रोज. कळलं?"

सरांनी मान हलवली.

"मान नका हलवू सर," आक्का म्हणाली. "परत सांगा बघू."

"ओला चमचा घालायचा नाही," सर म्हणाले. "आधी तेल, मग मसाला, मग पाणी. रोज दही-भात खायचा नाही."

"बरोबर. सुटला तुम्ही," ती म्हणाली आणि हसली. विजयसिंहानं तिला हात धरून गाडीत बसवलं. तिनं काच खाली करायला लावली.

"पुण्याला येताय न्हवं सर? येवा की येकदा. गुरवारीच या."

सरांनी मान हलवली.

आक्का त्यांच्याकडे बघत राहिली. तोंडानं सांगा, असं आता ती म्हणेल म्हणून सर थांबले. आक्का काही म्हणाली नाही. गाडी सुरू झाली, गल्लीतल्या पोरांनी फुटबॉल बाजूला घेतला आणि गाडी गेल्यावर परत मधे आणला.