वाचून दाखवलेले पान

मी एक जुनी वही आहे. अर्धी वही आणि अर्धे पुस्तक म्हणा. माझ्यात प्रश्न छापलेले आहेत आणि उत्तरांसाठी रेघा सोडलेल्या आहेत. मित्रांनो, तुमच्या गणिताच्या वहीत एका प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असते. माझ्या प्रश्नांचे तसे नव्हते. ‘आज राग किती आला? शून्य ते दहामधला आकडा लिही.’ ‘झोप येत नाही तेव्हा तू काय करतेस?’ तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या मनावर ओझे असते. ते कुठेतरी उतरवून ठेवता यावे म्हणून मला बनवले होते.

माझा जन्म नैरोबीच्या एका छापखान्यात झाला. माझ्या पहिल्या पानावर जाड अक्षरांत एक ओळ छापली होती : ‘इथे लिहिलेले फक्त तुझे आहे. दुसरे कोणी ते वाचणार नाही.’ ती ओळ कोणी लिहून दिली, मला ठाऊक नाही. पण ती माझ्या अंगावर होती, म्हणून ते वचन मीच दिले आहे असे मला वाटायचे.

एका संस्थेने माझ्यासारख्या चाळीस वह्या एल्गन डोंगराच्या पायथ्याच्या एका शाळेत पाठवल्या. तिथे मॅडम नामालवा मुलींना इंग्रजी शिकवत आणि मुलींच्या अडचणीही ऐकून घेत. त्यांनी वर्गात वह्या वाटल्या.

“मुलींनो, मनात असेल ते लिहा. मीसुद्धा वाचणार नाही,” त्या म्हणाल्या.

मी नांजालाच्या बाकावर आले. तिची आई नाताळाच्या आधी गेली होती. हे वर्गात सगळ्यांना माहीत होते, म्हणून तिच्याशी कोणी त्याबद्दल बोलत नव्हते. तिने मला घरी नेले आणि खाकी कागदाचे कव्हर घातले. तिकडे सगळी मुले आपल्या वह्यांना असेच कव्हर घालतात.

पहिले काही दिवस माझे हसेच झाले. मुलींना वाटले, ही परीक्षाच आहे. नांजालाच्या शेजारी बसणारी एलेक्टिन मान लांब करून विचारायची, “ए, तिसऱ्याचं काय लिहिलंस?”

“तिसऱ्यात ‘तुला वाईट कशाचं वाटतं’ विचारलंय. तुझं तुला माहीत.”

“मला काय माहीत! पहिल्या बाकावर सगळ्यांनी ‘गणिताचा पेपर’ लिहिलंय. मी पण तेच टाकते. चुकलं तर सगळ्यांचं चुकेल.”

नांजाला हसली. त्या वर्षात ती हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. पण तिने स्वतःच्या रेघेवर काहीच लिहिले नाही. पहिले उत्तर लिहायला तिला तीन आठवडे लागले. मग मात्र ती रोज लिहू लागली. शाळेतून आली, गाईला चारा टाकला की ती आपल्या पत्र्याच्या पेटीवर बसायची आणि मला मांडीवर घ्यायची. ती दाबून लिहायची, इतके की पुढच्या पानावर अक्षरे उमटायची. मला ते आवडायचे. वही म्हणून जन्माला येऊन याहून जास्त काय हवे?

तेविसाव्या पानावर प्रश्न होता, ‘कोणाला सांगितली नाही अशी एक गोष्ट लिही.’ तिने काय लिहिले ते मी तुम्हाला सांगितले नसते. पण आता ते सगळ्या गावाला माहीत आहे.

चोविसाव्या पानावर एकच रेघ होती. ‘तुझ्या भरवशाचे एक माणूस. त्याचे नाव लिही.’ तिने नव्या पेनाने, वळणदार अक्षरात लिहिले, ‘मॅडम नामालवा’.

जूनमध्ये संस्थेचे पत्र आले. आम्ही जुलैत बक्षीस समारंभाला येऊ, वह्यांचा उपयोग कसा झाला ते पाहू. शाळेत दर शुक्रवारी वर्गप्रमुख सगळ्या वह्या गोळा करून तपासायला नेते. त्या शुक्रवारी आम्हालाही नेले. खाकी कव्हरातल्या वह्यांच्या चळतीत मी भूगोल आणि विज्ञान यांच्या मध्ये होते.

मॅडम वाईट नव्हत्या. मी त्यांच्या टेबलावर होते, मी त्यांचा चेहरा पाहिला आहे. तेविसावे पान वाचताना त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. आणि मग आयुष्यभराच्या सवयीने लाल पेन उचलले. त्यांनी दोन स्पेलिंग दुरुस्त केली. खाली बरोबरची खूण केली आणि लिहिले : ‘दहापैकी नऊ. छान. मनापासून लिहिले आहे.’

समारंभाला मैदानात तंबू उभारला होता. पालक प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. तिसऱ्या रांगेत नांजालाचे वडील सिताती होते. ते बाजारात झाडाखाली सायकली दुरुस्त करतात. त्यांच्या शेजारी त्यांची थोरली बहीण नेकेसा, म्हणजे नांजालाची आत्या, डोक्याला नवा रुमाल बांधून बसली होती.

पहिल्या आलेल्या मुलींना बक्षिसे देऊन झाली. मग मॅडम ध्वनिक्षेपकापाशी गेल्या. “यंदा एक नवं बक्षीस आहे. मनाच्या वहीचं. सगळ्यांत चांगली वही ठेवली आहे नांजाला सिताती हिनं. तिच्या वहीतलं एक पान मी वाचून दाखवते.”

त्यांनी मला उघडले. मित्रांनो, वहीला स्वतःहून मिटता येत नाही. येत असते तर मी त्यांची बोटे चिमटली असती.

त्या वाचू लागल्या : “आई गेली त्या दिवशी बाबा रडले नाहीत. ते लोकांसाठी खुर्च्या मांडत राहिले. मला त्यांचा राग येतो, रोज दहापैकी दहा. आईचे कपडे वाटले त्या दिवशी मी तिचा निळा स्वेटर दिला नाही. तो माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे, गणिताच्या पुस्तकाखाली. त्याला अजून तिचा वास आहे. मी रोज थोडाच वास घेते, म्हणजे तो पुरेल. तो संपल्यावर मी काय करू?”

मग पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या.

नांजालाला बक्षीस म्हणून प्लास्टिकचे मोठे लाल घमेले आणि एक थर्मास मिळाला. ती ते घेऊन उभी राहिली. तिला खाली बसायचे सुचेना.

समारंभानंतर मॅडम तिच्याजवळ आल्या. “नांजाला, किती लोक रडले पाहिलंस? तुझ्या शब्दांत ताकद आहे, बाळ.”

“तुम्ही म्हणाला होतात, वाचणार नाही.”

“अगं, पण इतकं छान लिहिलंयस...”

“तुम्ही म्हणाला होतात,” ती पुन्हा म्हणाली. त्यानंतर ती मॅडमशी बोललेली नाही, आजपर्यंत.

आम्ही घरी पोचलो, तर आत्या आमच्या आधीच पेटीपाशी पोचली होती.

“उघड. मेलेल्या बाईचं कापड चोरून घरात ठेवतात का? तिचा जीव कसा सुटायचा? आणि तो स्वेटर माझ्या वाट्याचा होता. मी सहा महिने म्हणतेय, माझ्या भावजयीचा, रोझबेलाचा निळा स्वेटर गेला कुठे! मला वाटलं, तिच्या माहेरच्यांनी ढापला. मी त्यांच्याशी भांडून बसले!”

“ताई, राहू दे,” सिताती म्हणाले.

“काय राहू दे? पोरीनं सगळ्या गावासमोर तुझी अब्रू काढली आणि तू राहू दे म्हणतोस?”

आत्या स्वेटर घेऊन गेली. नांजाला वडिलांकडे पाहत राहिली, आणि ते जमिनीकडे.

त्या संध्याकाळी तिने मला उघडले ते एकदाच. चोविसाव्या पानावरचे नाव तिने इतक्या जोरात खोडले की कागद फाटला. मग तिने मला चुलीजवळ, मक्याच्या वाळक्या बुरकुंडांच्या, म्हणजे दाणे काढलेल्या कणसांच्या, टोपलीत टाकले. जळणात. तिला माझा राग आला होता, आणि तो खोटा नव्हता. वचन माझ्या पानावर छापलेले होते. तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि मी गावाच्या हातात उघडी पडले.

चार दिवसांनी पहाटे सिताती चहा टाकायला बसले. बुरकुंडे दमट होती. त्यांनी हात घालून माझे पहिले पान फाडले, काडी लावली आणि चुलीत सरकवले. माझे वचन चहाच्या पाण्याखाली जळले. दुसरे पान फाडायला त्यांनी मला उजेडात धरले, तेव्हा त्यांना अक्षर ओळखू आले. मला वाटले, आता हेही वाचणार. त्यांनी मला मिटले. सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी कापून माझ्याभोवती घट्ट गाठ मारली आणि मला पेटीवर ठेवले.

त्याच दिवशी ते लाल घमेले आणि थर्मास सायकलला बांधून बहिणीच्या गावी गेले. दुपारी परतले तेव्हा घमेले नव्हते, थर्मासही नव्हता. शर्टाच्या आत निळे काहीतरी होते.

“बक्षीस कुठे गेलं?” नांजालाने विचारले. ती चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलत होती.

“नेकेसाला दिलं. बदल्यात हे आणलं.”

तिने स्वेटर ओढून घेतला आणि नाकाला लावला. तशीच उभी राहिली. मग खाली बसली.

“आत्यानं धुतला.”

“हो,” सिताती म्हणाले. “वाटेत मी सायकल थांबवून बघितलं. मला पण नाही आला गं तिचा वास. नुसता साबण.”

ते तसेच पेटीच्या कडेला बसले. ज्यांच्यासाठी खुर्च्या मांडत राहावे, असे त्या दिवशी कोणी आलेले नव्हते. नांजालाने त्यांना कधी रडताना पाहिले नव्हते. आता पाहिले. तिने स्वेटरची एक बाही त्यांच्या हातात दिली आणि एक स्वतःकडे ठेवली.

डोळे पुसून ते म्हणाले, “तुझी वही जळणात सापडली. एक पान जळलं, माझ्या हातून. बाकीची मी वाचली नाही.”

“खोटं.”

“मला वाचता येतं, पोरी. पण वाचलं नाही. गाठ बघ.”

तिने गाठ पाहिली. दोन महिने तिने ती गाठ सोडली नाही.

मित्रांनो, माझी हकीकत एवढीच आहे. कोणी मनातले तुमच्या हाती दिले, तर त्याला गुण देऊ नका, ते चारचौघांत मिरवू नका. डोळ्यांत पाणी आले तरी पान मिटून परत द्या. धुतलेल्या कापडात वास परत येत नाही. कितीही मागितला, तरी कोणी तो आणून देऊ शकत नाही.

गेल्या आठवड्यात नांजालाने गाठ सोडली. चोविसाव्या पानाचा फाटलेला कागद मागून पट्टी लावून सांधला. खोडलेल्या नावाखाली जेमतेम जागा उरली होती. तिथे तिने एक शब्द लिहिला : ‘बाबा’. पेन तिच्या खिशात होते, पण तिने पेन्सिलीने लिहिले. खोडता येईल असे.

मग ट्यूबची पट्टी पुन्हा बांधली, तीच गाठ. कृपा करून ती कोणी सोडू नका.