लाल फोन आणि सगळ्यांचा एक नंबर

मित्रांनो, मी एक जुना लाल टेलिफोन आहे. माझ्या अंगाला आता तार नाही. रिसीव्हर उचललात तर काहीच ऐकू येणार नाही. तरीही मी एका मोठ्या टेबलावर बसलेला असतो आणि रोज कोणी ना कोणी मला हातात घेतं.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यासारखे शेकडो फोन साच्यातून बाहेर पडले. कोणी बँकेत गेले, कोणी दवाखान्यात. मी खोक्यात बसून जालना जिल्ह्यातल्या एका लहान शहरात आलो. नगरपालिकेच्या मागे पत्र्याची एक शेड होती. तिथे आगीचा बंब उभा असायचा, शेजारी लाकडी टेबल होतं आणि टेबलामागे साहेबराव बसायचे. फोन घेणं हेच त्यांचं काम. बंब चालवायचे इब्राहीमभाई.

साहेबराव सकाळी आले की आधी मला रुमालाने पुसत. माझ्या बटणांमध्ये चुन्याचे डाग असायचे, तेही त्यांच्याच बोटांचे. आमच्या भागातली प्रत्येक वस्ती त्यांना तोंडपाठ होती. फोनवर माणूस घाबरून काहीही बोलायचा. "बाभळीच्या पलीकडं, नाल्याच्या अंगाला," एवढंच सांगून रडायला लागायचा. साहेबराव शांतपणे म्हणायचे, "समजलं. कल्याणरावच्या मळ्याच्या मागं ना? निघाली गाडी." तोवर इब्राहीमभाईंनी बंब सुरू केलेला असायचा.

एकदा जिनिंग कारखान्यातल्या कापसाची आग वेळेत विझली. मालकाने बंबाला हार घातला. इब्राहीमभाईंनी त्यातलं एक झेंडूचं फूल काढून माझ्यावर ठेवलं आणि म्हणाले, "पहिले यानेच बोंब मारली." ते फूल सुकेपर्यंत साहेबरावांनी काढलं नाही. असे लाड माझे झाले आहेत.

पण एक दुपार अशी आली की मी वाजलोच नसतो तर बरं, असं मला वाटलं.

उन्हाळा होता. पलीकडून एक बाई बोलत होती. झुंबरबाई तिचं नाव. "सायब, गोठा पेटलाय. बैलं आत हायेत. जल्दी गाडी धाडा."

साहेबरावांनी वस्ती विचारली. ती दोन शहरांच्या अगदी मधली निघाली, आणि कागदावर शेजारच्या नगरपालिकेच्या बाजूची. हद्दीबाहेर बंब न्यायचा तर मुख्याधिकाऱ्यांची सही लागायची, आणि ते त्या दिवशी बैठकीला बाहेरगावी गेले होते. साहेबरावांनी झुंबरबाईला शेजारच्या शहराचा नंबर दिला. तिने तिथे फोन केला. तिथल्या माणसाला ती वस्ती आमच्याकडची वाटली, त्याने तिला परत आमचा नंबर दिला.

मी दुसऱ्यांदा वाजलो. तोच आवाज, पण आता बसलेला. "सायब, ते म्हणून राह्यले तुमच्याकडंच मागा."

साहेबराव उठून उभे राहिले. "इब्राहीमभाई, काढा गाडी. सहीचं मी बघतो."

बंब गेला, पण अर्धा तास उलटला होता. संध्याकाळी इब्राहीमभाई काजळलेल्या कपड्यांनी परत आले आणि पायरीवर बसले. एक बैल झुंबरबाईने स्वतः दावं सोडून बाहेर काढला. दुसऱ्याचं दावं सुटलं नाही. तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता.

विनापरवाना गाडी काढली म्हणून साहेबरावांना नोटीस आली. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली. त्यांना तिचं काहीच वाटलं नव्हतं. पहिल्याच फोनला आपण गाडी का काढली नाही, एवढंच ते इब्राहीमभाईंना पुन्हा पुन्हा विचारत.

मग त्यांनी अर्ज लिहायला घेतले. आजूबाजूच्या चारही शहरांना आणि मोठ्या ग्रामपंचायतींना एकच मागणी: सगळ्यांनी मिळून एक केंद्र काढावं, आग असो की अपघात, एकच नंबर ठेवावा, आणि जी गाडी जवळ असेल तीच निघावी. सुटीच्या दिवशी ते एस.टी.ने फिरत. एकदा जाफराबादला जाऊन आले, एकदा वडीगोद्रीच्या हायवेवरच्या दुकानदारांना भेटून आले, कारण अपघात झाला की पहिले तेच धावतात. दोन वर्षं गेली.

अखेर सभा भरली. तिथलं सगळं मी इब्राहीमभाईंच्या तोंडून ऐकलं. केंद्र आमच्याच शहरात हवं, असं प्रत्येकाचं म्हणणं. पाटीवर नाव कोणाचं, यावरच तासभर गेला. आमची गाडी तुमच्याकडे गेली आणि तेवढ्यात आमच्याकडे आग लागली तर, हा प्रश्न तर सगळ्यांचाच होता, आणि तो खोटाही नव्हता.

साहेबरावांनी झुंबरबाईला सोबत आणलं होतं. ती उठली. भाजलेला हात तिने पदराखालून बाहेर काढला नाही.

"तुमची हद्द तुमच्या कागदावर ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "माझ्या वस्तीवरून तुमच्या दोन्ही गावच्या पाण्याच्या टाक्या दिसत्यात. त्या दिवशी मी दोन्हीकडं बघत व्हते. बंब मात्र एकाचाबी वेळेवर आला न्हाई. तुमची भीती मला समजती. पण मंग एकाची गाडी गेली तर दुसऱ्यानं त्याच्या दाराशी उभं ऱ्हावं. आम्ही शेजारी असंच करतो."

मग तिचंच म्हणणं ठरावात आलं: एकाची गाडी बाहेर पडली की शेजारची गाडी पुढे येऊन उभी राहील. केंद्र बाजार समितीच्या रिकाम्या सभागृहात झालं. पाटीवर कोणाचंच नाव नाही, फक्त नंबर आहे.

नव्या केंद्रात संगणक आले आणि माझी तार काढली गेली. मी भंगाराच्या खोक्यात पडलो. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. तिथून साहेबरावांनीच मला उचलून आणलं, कारण त्यांना शिकवण्यासाठी एक फोन हवा होता.

त्यांची पहिली विद्यार्थिनी महजबीन. हुशार मुलगी, संगणकावर बोटं झरझर चालायची. साहेबराव कोपऱ्यात उभे राहून घाबरलेल्या माणसाचा आवाज काढत आणि ती माझा रिसीव्हर कानाला लावून प्रश्न विचारी. पहिल्या दिवशी तिने नाव विचारलं, मोबाईल नंबर विचारला, तालुका विचारला.

"तोवर घर जळालं, बेटा," साहेबराव म्हणाले. "पहिले कुठं, मंग काय झालं, मंग माणसं आत हायेत का. नाव सगळ्यात शेवटी."

पण संगणकाच्या नकाशात चिंचेचा मळा नव्हता, म्हसोबाचा माळही नव्हता. म्हणून ते दोघं इब्राहीमभाईंच्या जीपमधून महिनाभर वस्त्यावस्त्यांवर फिरले. लोक ज्या नावाने जागा ओळखतात, ती नावं महजबीनने एकेक करून नकाशात भरली.

मागच्या महिन्यातली गोष्ट. सकाळी अकराच्या सुमाराला फोन आला. लालबी नावाची मजूर बाई होती, आष्टीकडच्या कुठल्याशा शेतात कामाला आलेली. ट्रॅक्टर उलटून तिचा नवरा खाली अडकला होता. शेताचा मालक तिथे नव्हता आणि जागेचं नाव तिला ठाऊक नव्हतं.

"खाला, घबराओ मत," महजबीन मावशीला समजवावं तशी म्हणाली. "गाडी मैं भेजतीच. सामने क्या दिखता तुमको?"

"पाट है. उसके आगे टॉवर. और एक मंदिर है बेटा, उसको रंग दे रहे."

साहेबराव खुर्चीतून अर्धे उठले होते. त्यांनी जागा ओळखली होती. पण ते बोलायच्या आत महजबीनने नकाशावर बोट ठेवलं आणि गाडी पाठवलीसुद्धा. साहेबराव हळूच परत खाली बसले.

बारा मिनिटांत गाडी पोचली. तोवर महजबीन लालबीशी बोलत राहिली, नवऱ्याला हलवू नकोस, त्याच्या डोक्यावर सावली धर, असं सांगत राहिली. जॅक लावून ट्रॅक्टर उचलला गेला. माणसाचा पाय मोडला, जीव वाचला.

चार दिवसांनी लालबीचा परत फोन आला. तिला दुवा द्यायची होती. "बेटा, वो गाडी कौनसे गाँव की थी?"

महजबीनने पडद्यावर बघितलं. तिथे शहराचं नाव लिहिलेलं होतं. ते न वाचता ती म्हणाली, "अपनीच थी, खाला."

मित्रांनो, मी आता वाजत नाही, पण तुमच्याकडे एक मागणं मागतो. तुमच्या घराची वाट दुसऱ्याला सांगता येईल इतकी नीट ओळखून ठेवा, आणि ती घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही शिकवा. गंमत म्हणून या नंबरवर फोन करू नका, कारण त्याच वेळी कोणीतरी जळत्या गोठ्यासमोर उभं असेल. आणि कोणी मदतीला हाक मारली, तर तो कुठल्या गावचा आहे हे नंतर विचारा. आधी निघा.