आभाळाची वाटणी आणि संडासाची कडी

"आली, आली! भिडली!"

दिलसुखनगरात हिम्मतरावांच्या गच्चीवर शंभरेक माणसं एकदम किंचाळली. पांढऱ्या पडद्यावर नकाशा, नकाशावर मुंग्यांसारखी पिवळी विमानं, त्यातली दोन समोरासमोर निघालेली. नाकाला नाक लागलं. बायकांनी डोळे मिटले. पडद्याशेजारी बसलेल्या गगनबाबांनी उजवा हात उगारला, "हट्!" म्हणाले, आणि दोन्ही विमानं एकमेकांतून आरपार जाऊन आपापल्या वाटेला लागली.

बाबांनी घाम पुसला. "जूनमध्ये राज्याचे दोन तुकडे केलेत. जमीन वाटलीत, पाणी वाटलंत, फायली वाटल्यात. आभाळ कुणी वाटलं? वर सीमेवर नुसता गोंधळ माजलाय! सरकारच्या रडारला चकवा लागलाय. मी आहे म्हणून तुमची पोरंबाळं धडपणे घरी उतरतात."

मालनबाईंना हसू फुटलं. पण शेजारी हात जोडून बसलेल्या नवऱ्याकडे, एकनाथरावांकडे, लक्ष गेलं आणि त्यांचं हसू आटलं. हा माणूस कोचिंग क्लासात फिजिक्स शिकवतो! लेक इंदुमतीची एअर ट्रॅफिक कंट्रोलच्या नोकरीत निवड झालेली. जमिनीवरून विमानांना वाट दाखवायची नोकरी. उद्या सकाळी ट्रेनिंगला निघायचं, आणि बाबांनी फर्मावलं होतं, "पोरगी रडारपुढं बसली की चकवा तुमच्या घरात येईल. तिला इथंच माझ्या दिव्य पटाच्या सेवेला ठेवा." आणि एकनाथराव हो म्हणून बसले होते.

"पोरीनं रात्रीचा दिवस करून अभ्यास केला हो," मालनबाई पुटपुटल्या. "या भोंदूच्या एका 'हट्'पायी तिला घरी बसवता?"

"अगं, डोळ्यांनी बघितलंस ना? रोज टक्कर होते आणि रोज टळते. याला काय म्हणशील?"

टक्कर मालनबाईंनाही दिसली होती, आणि टळलेलीही. त्याचाच त्यांना जास्त राग आला.

इतक्यात हिम्मतरावांच्या घरच्या मिरची बज्ज्यांनी आपलं काम केलं. बाबांनी त्या भक्तिभावानं हाणल्या होत्या. ते पोट धरून उठले आणि गच्चीच्या कोपऱ्यातल्या संडासात शिरले. मालनबाई उठल्या. पदर खोचला. बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

पडद्यावर आणखी दोन विमानं नाकासमोर आली. लॅपटॉपपाशी बसलेला बाबांचा चेला ओरडला, "बाबा! बाबा!" आतून दार धडधडलं.

"भाभी, कडी काढो वो!" हिम्मतराव रडकुंडीला आले. "माणसं मरतील!"

"दहा किलोमीटर उंचीवरची विमानं हलवणाऱ्याला दोन बोटांची कडी हलत नाही होय?"

"काढा हो!" बाबा आतून ओरडले. "माझा हात दिसल्याशिवाय टक्कर टळत नाही!"

नाकाला नाक लागलं. कुणीतरी हुंदका दिला. विमानं आरपार गेली आणि सुखरूप पुढं निघाली. गर्दीतून इंदुमती पुढं झाली. चेला लॅपटॉपला हात लावू देईना, तिनं त्याला कोपरानं बाजूला सारलं आणि लॅपटॉपवरच्या एका विमानावर टिचकी मारली. पडद्यावर चौकट उघडली. उंची पस्तीस हजार फूट. दुसऱ्यावर मारली. छत्तीस हजार.

"हा काही दिव्य पट नाही. मोबाइलवर कुणालाही मिळतो," ती म्हणाली. "नकाशा सपाट आहे, त्यात उंची दिसत नाही. एक विमान खालून गेलं, दुसरं वरून. मध्ये हजार फूट. आपण टक्कर बघत होतो ती फक्त पडद्यावरची."

"हौ? म्हणजे टक्कर कधी होतच नाही?" हिम्मतरावांनी विचारलं.

"होऊ शकते, काका. विमानं कधीकधी फार जवळ येतात. कुणी चुकीची उंची ऐकतो, कुणी चुकीची सांगतो. रडारलाही मर्यादा आहेत. डोंगराआडचं, फार खालचं त्याला दिसत नाही, आणि दिसतं तेही काही सेकंद जुनं असतं. म्हणून मोठ्या विमानांत यंत्रं असतात, ती एकमेकांशी बोलून एकाला चढ सांगतात, दुसऱ्याला उतर. आणि खाली कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बसलेलं असतं. मला तिथंच बसायचंय."

एकनाथराव उठले. "दोन वस्तू भेटल्या की नाही ते ठरवायला लांबी, रुंदी, उंची अशी तीन मापं लागतात," ते म्हणाले. "पोरांना रोज शिकवतो मी हे. इथं दोनच बघितली आणि हात जोडले."

"आणि लेकीचं नशीब त्याच्या पायाशी ठेवायला निघालात!" मालनबाई कडाडल्या. "लाज वाटली पाहिजे तुम्हाला."

"वाटते." त्यांनी ते सगळ्यांसमोर कबूल केलं आणि गर्दीकडं वळले. "मी मास्तर. प्रश्न विचारण्याचा पगार घेतो, आणि या बाबाला एकही विचारला नाही. तुम्ही तरी विचारा. चमत्कार दिसला की आधी विचारा, मला काय दिसत नाहीये? आणि चमत्कार करणाऱ्याला एक दिवस सुट्टी देऊन बघा. जग चालतं का, ते कळेल."

मग इंदुमतीकडं न बघताच म्हणाले, "चल. बॅग भरायची राहिलीय तुझी. सकाळी मी स्टेशनवर सोडतो."