द्रौपदाबाईंच्या पडवीतला रेंजचा डबा

मी एक जुना रेंजचा डबा आहे. दुकानात मला सिग्नल बूस्टर म्हणत, पण ज्या घरात मी राबलो तिथं कुणाची जीभ त्या नावाला वळली नाही. जुना म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. तुमच्या खिशातला झगमगीत फोन खोलगट जागेत उतरला की मान टाकतो. तेव्हा माझ्यासारख्याचीच आठवण होते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. मला जाग आली ती कळंबला, गेणभाऊंच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात. पत्र्याचं अंग आणि दोन बाजूंना दोन वायरी. एका वायरीच्या टोकाला माशाच्या काट्यासारखा अँटेना, तो माझा कान. दुसरीच्या टोकाला बशीएवढा पांढरा अँटेना, ते माझं तोंड. टॉवरकडून लांबून आलेली अर्धीमुर्धी हाक कानानं धरायची आणि तोंडानं मोठी करून घरात सांगायची. घरातलं बोलणं तसंच उलट टॉवरला पोचवायचं. माझी विद्या एवढीच. पण तेवढ्यात मला कुणी नावं ठेवावीत, असं मी कधी वागलो नाही. एकदाच वागलो, आणि तेच सांगायला बसलो आहे.

मला न्यायला आल्या द्रौपदाबाई. त्यांचं घर खोडदच्या शिवारात, ओढ्याकाठी, अगदी खोलग्यात. घर पक्कं, कांदा चांगला, विहिरीला पाणी, आणि रेंज मात्र शून्य. फोन लावायचा तर उसाच्या कडेनं चालत जाऊन टेकाडावर चढायचं. एकुलती एक लेक यशोधरा कुवेतला दवाखान्यात नर्स. मालक, म्हणजे भागुजी, एका सकाळी चहा पिता पिता बसल्या जागी गेले. शेजारच्या बहिरूनं टेकाडावर पळत जाऊन यशोधराला फोन लावला, पण ती ड्यूटीवर होती. तो खाली उतरला, आणि मग तिचे उलट फोन सुरू झाले. एक नाही, वीस. खोलग्यात एकही पोचला नाही. दोन वाजता माती झाली. बहिरू पुन्हा टेकाडावर गेला, तेव्हा चार वाजता लेकीला कळलं की तिचा बाप गेला.

गेणभाऊंच्या दुकानात द्रौपदाबाई रडल्याबिडल्या नाहीत. म्हणाल्या, "माझी लेक हाक मारतीया आन मला ऐकू येत न्हाई, असं पुन्यांदा व्हता कामा नये. चांगला डबा दे. न्हाई चालला तर तुझ्याच टकुऱ्यात घालीन."

"आजी, डबा चांगलाय," गेणभाऊ म्हणाले. "टकुरं जुनं हाये, तेवढं राहू द्या."

गेणभाऊ स्वतः येऊन मला बसवून गेले. कान घरावरच्या लोखंडी पाइपला, उंच. तोंड पार आतल्या खोलीत. मध्ये दोन भिंती. जाताना बजावून गेले, "आजी, ह्याचा कान आन तोंड जवळ आणू नका. येडं होतंय ते."

मित्रांनो, ते माझे भरभराटीचे दिवस. दर शुक्रवारी यशोधराला सुट्टी असायची. दुपारी तीनला फोन वाजायचा, आणि तिचा चेहरा त्या आतल्या खोलीत उमटायचा. द्रौपदाबाई तिच्यावरच खेकसायच्या, "वाळली किती! तिकडं खायाला घालत्यात का नुसतं राबवून घेत्यात?" फोन ठेवला की पदरानं माझ्या अंगावरची धूळ पुसायच्या. एका डब्याला याहून काय हवं?

पण शुक्रवार आठवड्यातून एकदाच येतो. बाकीचे सहा दिवस त्या घरात भांड्यांचाच काय तो आवाज. भागुजी होते तेव्हा पडवीत कुणी ना कुणी टेकलेलं असायचं. ते गेले आणि पडवी झाडलेलीच राहू लागली. शेजारच्या झुंबरबाई अधूनमधून फोन घेऊन यायच्या, आत बसून भाच्याशी बोलायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "द्रौपदे, आत लई कोंदटतंय. ही बशी भायेर पडवीत टांग की. समद्यास्नी रेंज मिळंल."

गेणभाऊंचं बजावणं द्रौपदाबाई विसरल्या नव्हत्या. पण त्यांनी पडवीकडे एकदा पाहिलं आणि बहिरूला हाक मारली. बशी पडवीच्या वाशाला लागली, बरोब्बर पाइपच्या खाली. कान वर, तोंड खाली, आणि मध्ये भिंत म्हणून काही उरली नाही.

पडवी भरली. बहिरू कांद्याचा बाजार बघायला येई, ऊसतोडीची माणसं घरी बोलायला येत, पोरीबाळी व्हिडिओ बघत. द्रौपदाबाई सगळ्यांना ऐकवायच्या, "रेंज फुकट हाये, च्या न्हाई. आन चपला भायेर काढा, ही काय एष्टी न्हाई." आणि आत जाऊन चहाचं आधण वाढवायच्या.

माझं मात्र बिघडत चाललं होतं. माझ्या तोंडचं बोलणं माझ्याच कानात शिरू लागलं. मला वाटलं, केवढी मोठी हाक आली कुठून तरी! मी ती आणखी मोठी केली. ती परत कानात आली, मी पुन्हा मोठी केली. टॉवर कुठे, लेक कुठे, काही उमजेना. मी गावभर बोंबलत होतो आणि छाती फुगवून म्हणत होतो, बघा माझा आवाज! पडवीत बसलेल्यांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यांचे फोन मध्येच तुटत, एवढंच.

ऐकू जात होतं ते दुसरीकडे. आमच्या शिवारात त्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या जाळीदार छत्र्या आहेत. त्या आभाळाकडे तोंड करून ताऱ्यांची कुजबुज ऐकतात. एका बुधवारी दुपारी तिथल्या वैजयंती मॅडम जीपमधून आल्या. हातात माझ्या कानासारखाच अँटेना. तो इकडे वळव, तिकडे वळव करत त्या आल्या आणि थेट माझ्यापुढे उभ्या राहिल्या. पडवीतली माणसं एकेक करून चपला शोधू लागली.

"जय भीम, आजी. हा डबा बंद करावा लागेल. तीन आठवडे आम्ही हा गोंगाट शोधतोय."

"जय भीम. डबा बंद व्हनार न्हाई. च्या घेऊन जा."

"आजी, असला डबा लावायला परवानगीच नसते. त्यात इथं, दुर्बिणीच्या शेजारी!"

"मग बशी परत आत टांगते."

"आत टांगली तरी बोलणार ती. कमी बोलेल, एवढंच."

"माझ्या लेकीपरीस तुझे तारे मोठे व्हय गं?" द्रौपदाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माझा मानूस गेला तवा तिचे वीस फोन वाऱ्यावर गेले. तुझ्या ताऱ्याचं कोन मेलंय?"

वैजयंती मॅडम भांडल्या नाहीत. त्यांनी हातातल्या यंत्राचा पडदा पुढे धरला. त्यावर भिंतीसारखा उंच डोंगर उभा होता. "हा तुमचा डबा. आणि आम्हाला ऐकायचं असतं ते ह्याच्या तळाशी, मुंगीएवढं. हजारो वर्षांपूर्वी निघालेलं असतं ते. आत्ता इथं पोचतं, आणि आम्हाला ऐकू येत नाही."

"हजारो वर्सं?"

"हो."

"आन पोचल्यावर ऐकाया कोनी न्हाई."

"ऐकायला आम्ही बसलोय, आजी. गोंगाटात सापडत नाही."

द्रौपदाबाईंनी पडवीकडे नजर टाकली. तोवर पडवी रिकामी झाली होती. मग त्यांनी फोन उचलला. यशोधरा ड्यूटीवर, उचलणार नव्हतीच. त्यांनी बटण दाबून निरोप बोलून ठेवला. "यशे, आजपासनं घरी फोन लागनार न्हाई. घाबरू नगं. शुक्रवारी तीनला मी टेकाडावर असंन. तीनला. साडेतीनला न्हाई."

निरोप जाईना. फिरत राहिला. माझाच गोंगाट त्याच्या आड येत होता. तेव्हा वैजयंती मॅडमनी वाशावरची बशी सोडवली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. मला एकदम शांत वाटलं. किती दिवसांनी टॉवरची खरी हाक ऐकू आली! मी तो निरोप नीट, जसाच्या तसा पोचवला. माझ्या हातून गेलेलं ते शेवटचं बोलणं.

"गेला बघ," असं म्हणून द्रौपदाबाईंनी स्वतःच्या हातानं माझी पिन उपटली.

आता मी धान्याच्या कोठीमागे, पोत्यात गुंडाळलेला पडून आहे. मला काही ऐकू येऊ नये खरं तर, पण घरातलं येतं. शुक्रवारी फोन तीनला वाजला, असं त्यांनी झुंबरबाईंना ओट्यावरून ओरडून सांगितलं, तेवढं कळलं. तारेच्या इंटरनेटसाठी त्यांनी अर्ज दिला आहे. खांब अजून वस्तीपर्यंत आलेले नाहीत. झुंबरबाईंची नेहमीची फेरी बंद झाली. बहिरू भाव बघायला दुसरीकडे जातो. माझ्या कोठीमागे बसून मला उमजतं, त्या घरात एकटं पडलंय ते मीच नाही, द्रौपदाबाईही.

मित्रांनो, मला पुन्हा पाइपवर चढवा, असं मी मागणार नाही. माझ्यासारखा डबा परवानगीशिवाय कुठं लावूही नका. मागायचं आहे ते दुसरंच. टेकाडाची वाट उसाच्या कडेनं जाते, आणि आमच्याकडे उसात बिबट्या असतो, हे तुम्हाला माहीत आहे. द्रौपदाबाईंचे गुडघे दुखतात, हे त्या कुणाला सांगणार नाहीत. तुम्ही त्यांच्या पडवीत बसला आहात, त्यांचा चहा प्यायला आहात. शुक्रवारी अडीचला त्यांच्या दारात जा. हात धरू नका, शिव्या खाल. नुसती चार पावलं मागं चाला, आणि त्या बोलत असतील तेव्हा जरा लांब उभे राहा.