इथे राहत नाहीत
घर बदललं त्या आठवड्यात धाकटीने पत्ता सात ठिकाणी बदलला. बँक, दवाखाना, विमा, वाचनालय, वीज कंपनी, ती कामाला जायची ती दातांची लॅब, आणि सगळ्यात शेवटी परदेशी नागरिकांचं कार्यालय. हे शेवटचं काम तिने जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर उरकलं. अर्जाचा नंबर टाकला, नवा पत्ता टाकला, 'आपली नोंद झाली आहे' असं आलं. मग ती पुन्हा मेणात दात बसवायला लागली. एका आजोबांची कवळी संध्याकाळपर्यंत द्यायची होती.

धाकटी हे काही तिचं नाव नव्हे. पण माहेरी दोनच बहिणी, एक थोरली आणि एक धाकटी, आणि छत्तिसाव्या वर्षीही घरात कोणी तिला दुसऱ्या नावाने हाक मारत नसे. नवरा दुसऱ्या देशातला, धंद्याने सुतार. लग्नानंतर तो इथे आला आणि बायकोसोबत कायमचं राहायची परवानगी मिळावी म्हणून दोघांनी मिळून अर्ज केला. परवानगी येईपर्यंत त्याला पगाराचं काम करायला मनाई होती. तेवढे दिवस कुठे काढायचे, तर थोरली म्हणाली, आमच्याकडे या, एक खोली रिकामीच आहे.

थोरलीचे यजमान वजनमापे तपासणारे निरीक्षक होते. उभी हयात दुकानादुकानांतले तराजू आणि मापं तपासण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावरही तो स्वभाव काही सुटला नव्हता. माणूस वाईट नव्हता. फक्त एखादी गोष्ट जवळपास खरी असलेली त्यांना चालत नसे.

रिकामा सुतार घरात असला की घर दुरुस्त होतं. पहिले दोन महिने भावोजी खूश होते. कुरकुरणारं दार गप्प झालं, मोरीचा नळ बसला, कपाटाचे खण सरकायला लागले. मग एका सकाळी भावोजी फिरायला गेले असताना सुताराने त्यांच्या लिहायच्या टेबलाला हात घातला. टेबल त्यांच्या वडिलांचं. एक पाय आखूड, त्याखाली वर्षानुवर्षं कागदाची घडी. सुताराने उरलेले तीन पाय कापून चौथ्याला जुळवून टाकले.

भावोजी आले. त्यांनी टेप आणली, उंची मोजली.

"एकोणीस मिलिमीटर," ते म्हणाले.

"आता डुलत नाही बघा," सुतार म्हणाला.

"मला विचारलं होतं?"

सुतार गप्प बसला असता तर तिथेच मिटलं असतं. पण तो म्हणाला, चांगल्या कामाला काय विचारायचं. त्यावर भावोजींच्या तोंडून निघालं की फुकट राहणाऱ्याने तरी विचारावं. तो शब्द एकदा बाहेर पडल्यावर आत कसा जाणार? पंधरा दिवसांत धाकटी आणि सुतार दोन खोल्यांत राहायला गेले. खाली ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं, आणि जिन्यात दिवसभर गरम कापडाचा वास असे.

तीन महिने गेले. थोरली अधूनमधून फोन करायची, भावोजी फिरायला गेल्यावर. दोन्ही साडूंनी एकमेकांचं नाव काढलं नाही.

एका मंगळवारी धाकटीने सहज म्हणून मोबाईलवर अर्जाची स्थिती पाहिली. तिथे लिहिलं होतं: अर्जदार मुलाखतीस गैरहजर.

तिने ते चारदा वाचलं. मग हातातला साचा खाली ठेवला, मालकिणीला सांगून अर्धी रजा घेतली आणि थेट कार्यालय गाठलं. सव्वा तासाने तिचा नंबर लागला. खिडकीतल्या बाईने संगणकाच्या पडद्यावर बघत विचारलं, "तुमचा पत्ता बदललाय का?"

"बदललाय की. तीन महिन्यांपूर्वी. इथेच कळवलंय."

"तुमचा कळवलाय. यजमानांचा नाही."

"आम्ही एकत्रच राहतो."

"ते ठीक आहे हो. पण फायली दोन आहेत. तुमची एक, त्यांची एक. नंबर वेगळे. त्यांच्या नंबरवर कोणी काही कळवलेलं नाही. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं आणि परत आलं." बाईने पडदा थोडा वळवून दाखवला. पाकिटाचा फोटो होता. त्यावर निळ्या शाईत, छापल्यासारख्या सरळ अक्षरांत लिहिलं होतं: इथे राहत नाहीत.

अक्षर ओळखायला धाकटीला क्षणही लागला नाही.

"आणखी एक," बाई आवाज जरा खाली आणून म्हणाली. "तीन महिने नवराबायकोचे पत्ते वेगळे दिसतायत. फाईल तपासणारा पहिलं तेच बघणार. एकत्र राहता याचा पुरावा द्या. भाडेकरार कोणाच्या नावावर?"

"माझ्या. त्यांचे कागद झाल्याशिवाय घरमालक त्यांचं नाव घालायला तयार नव्हता."

"मग जुन्या घराच्या मालकांकडून लेखी आणा. दोघं तिथे एकत्र राहत होते, अमुक तारखेला एकत्र गेले, पत्र का परत आलं, सगळं. एकवीस दिवस आहेत."

घरी आल्यावर तिने सुताराला सांगितलं. तो खिडकीपाशी बसून ऐकत होता.

"मी त्या माणसाच्या दारात जाणार नाही," तो म्हणाला.

"तू नकोच येऊस. तुला बघितलं की ते हातातलं पेन खाली ठेवतील."

"मुद्दाम केलं त्यांनी."

धाकटीलाही तसंच वाटत होतं, पण दोघांनी मिळून चिडत बसण्याइतके दिवस हातात नव्हते.

अर्ज लिहून देणाऱ्या एका वकीलबाईंकडून तिने चार ओळींचा मजकूर घेतला आणि शनिवारी दुपारी थोरलीकडे गेली. दार थोरलीने उघडलं. पत्राचं ऐकून ती जागच्या जागी उभी राहिली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

भावोजी टेबलापाशी बसले होते. धाकटीने उभ्यानेच सगळं सांगितलं आणि मजकूर पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला.

"'सोयीच्या कारणास्तव स्थलांतर केले'," त्यांनी मोठ्याने म्हटलं. "सोयीसाठी नाही गेलात. भांडून गेलात."

"ते कार्यालयाला कशाला कळायला हवं, भावोजी?"

"मी सही करणार, तर खरं तेच लिहिणार. बस बाहेर. वेळ लागेल."

दोघी बहिणी गॅलरीत जाऊन बसल्या. थोरलीने कपडे घडी करायला घेतले. एका चादरीची घडी तिने तीनदा घातली आणि तीनदा उलगडली.

"मला नुसतं म्हणाले असते ना, पत्र आलंय," ती म्हणाली, "तर मी स्वतः आणून दिलं असतं."

"माहीत आहे ताई."

पाऊण तासाने भावोजींनी हाक मारली. दोन पानं होती. "वाचून घे. चूक असेल तर सांग."

धाकटी वाचू लागली. जोडपं कोणत्या तारखेला राहायला आलं, कोणती खोली होती, दोघं सकाळी किती वाजता चहा घेत. मग टेबल. तीन पाय, एकोणीस मिलिमीटर. पुढे लिहिलं होतं, 'मी अर्जदारास फुकट राहणारा असे म्हणालो. त्यानंतर अकराव्या दिवशी दोघे सामानासह एकत्र गेले.' तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"अकराव्या दिवशी," तिने म्हटलं. "मला पंधरा दिवस आठवत होते."

"अकरा."

"भावोजी, हे भांडणाचं काढा ना. तपासणाऱ्याला वाटेल, याला नातेवाइकांनीच घराबाहेर काढलं."

"काढलं तर माझी सही नाही."

तिने पुढचं वाचलं. शेवटच्या परिच्छेदात पत्राबद्दल होतं. 'पाकिटावरील शेरा माझा आहे. शेरा खरा होता. परंतु नवा पत्ता माझ्या पत्नीस ठाऊक होता आणि ती शेजारच्या खोलीत होती. मी तिला विचारले नाही. विचारायला हवे होते.'

धाकटीने त्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या. भावोजी सहीसाठी पेनाचं टोपण काढत होते.

"हे लिहायलाच हवं होतं का?" तिने विचारलं.

"झालंय तसं."

"तुमच्यावर येईल."

"येऊ दे." त्यांनी पानं तिच्याकडून घेतली, प्रत्येकावर सही केली, तारीख घातली आणि परत दिली.

बसमध्ये ती पानं मांडीवर घेऊन ती विचार करत राहिली. ही द्यावीत, की वकीलबाईंना सांगून दुसरं काहीतरी जुळवावं? दुसऱ्या कोणाची सही चालणार नव्हती. सोमवारी तिने ती जशीच्या तशी जमा केली. बरोबर सुताराच्या फाईलवरचा पत्ताही बदलला, आणि खिडकीतल्या बाईकडून दोन्ही नंबरांच्या पावत्या घेतल्या.

सुताराने प्रत रात्रीच्या जेवणानंतर वाचली. पहिल्या पानावर त्याचा चेहरा आक्रसला. दुसरं पान त्याने दोनदा वाचलं.

"सरळ आहे लिहिलेलं," एवढंच तो म्हणाला, आणि भांडी घासायला उठला.

पाच आठवड्यांनी दोघांना मुलाखतीला बोलावलं. वेगवेगळ्या खोल्यांत, एकाच वेळी. धाकटीच्या समोर एक मध्यमवयीन अधिकारी होता, सर्दीने बेजार झालेला. त्याने सकाळी आधी कोण उठतं ते विचारलं, घरात पडदे कोणत्या रंगाचे ते विचारलं. मग भावोजींची पानं समोर ओढली.

"हे टेबलाचं काय आहे?"

तिने सांगितलं. आधी जपून बोलत होती, पण टेप आणण्यापर्यंत पोचली तेव्हा तिचं तिलाच हसू येऊ लागलं.

"किती कापलं?"

"एकोणीस मिलिमीटर. भावोजी म्हणतात."

अधिकाऱ्याने लिहून घेतलं.

बाहेर बाकावर सुतार आधीच येऊन बसला होता. "तुलाही टेबल विचारलं?" ती म्हणाली.

"विचारलं. अठरा सांगितलं."

"अठरा?"

"भुशात गेलेली करवतीची जाडी त्यांनी धरलीय. ती नाही धरायची."

पुढचे अडीच आठवडे धाकटीचा जीव त्या एका मिलिमीटरवर टांगलेला होता. लॅबमध्ये तिने एका बाईंच्या कवळीत दोन दात उलटे बसवले आणि मालकिणीची बोलणी खाल्ली. मग पाकीट आलं, बरोबर पत्त्यावर, आणि आत परवानगी होती. कारण वगैरे काही दिलेलं नव्हतं. खाली त्याच सर्दीवाल्या अधिकाऱ्याची सही.

सुतार पुढच्या महिन्यात खिडक्यांच्या चौकटी करणाऱ्या कारखान्यात लागला. तो पहिल्या दिवशी गेला तेव्हा धाकटी दारात उभी राहिली नाही. तिलाही कामावर पोचायचं होतं.

त्यानंतर एका रविवारी थोरली आणि भावोजी पहिल्यांदाच त्यांच्या दोन खोल्या बघायला आले. माफी कोणी मागितली नाही, टेबलाचा विषयही निघाला नाही. दोघी बहिणी आत पानं वाढत होत्या. मग बाहेरून भावोजींचा आवाज आला.

"सुट्टी कितीला होते?"

"साडेपाचला. पण भोंगा पाच मिनिटं उशिरा वाजतो."

"रोज?"

"रोज."

"आठवड्याचा अर्धा तास झाला," भावोजी म्हणाले. "सहा दिवस काम असेल तर."

"सहाच आहेत."

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. आमटी गरम होती, ताटं वाढून झाली होती, पण दोघी आणखी थोडा वेळ आतच थांबल्या.